विनोदिनी दासी : रंगमंचाकडून लेखणीकडे

पाठपरिचय

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या रंगभूमीवर एका स्त्रीने बारा वर्षे राज्य केले. तिच्या त्यागातून एक नाट्यगृह उभे राहिले. मात्र त्या नाट्यगृहाला तिचे नाव मिळू शकले नाही. पुढे तिने हाती लेखणी घेतली आणि आपली कथा आपल्याच शब्दांत सांगितली. बंगालमधील श्रेष्ठ अभिनेत्री आणि आत्मचरित्रकार विनोदिनी दासी यांच्या जीवनाचा परिचय या पाठात करून दिला आहे. स्त्रीचे श्रम, तिची कला आणि तिचे नाव यांवर अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यांच्या जीवनात व लेखनात वारंवार येतो. पाठ वाचताना या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे.

बागबाजारचे नाट्यवेड

उत्तर कोलकात्यात हुगळी नदीच्या काठी बागबाजार नावाची जुनी वस्ती आहे. नदीवरचे घाट, अरुंद गल्ल्या आणि जुने वाडे यांनी भरलेली ही वस्ती बंगाली नाटकाचे माहेरघर समजली जाते. १८६८ च्या सुमारास येथील काही तरुणांनी एकत्र येऊन हौशी नाट्यसंस्था काढली. गिरीशचंद्र घोष, अर्धेंदुशेखर मुस्तफी, नगेंद्रनाथ बंद्योपाध्याय आणि राधामाधव कर हे त्यांतील प्रमुख होते. दीनबंधू मित्र यांचे ‘सधवार एकादशी’ हे नाटक त्यांनी बसवले. तोपर्यंत नाटक ही धनिकांच्या वाड्यात निमंत्रितांपुरती होणारी करमणूक होती. बागबाजारच्या या मंडळींतूनच पुढे ‘नॅशनल थिएटर’ उभे राहिले. ७ डिसेंबर १८७२ रोजी ‘नीलदर्पण’ नाटकाचा तिकीट लावून प्रयोग झाला आणि पैसे मोजणाऱ्या कोणाही माणसाला नाटकाचे दार खुले झाले.

मात्र हे दार स्त्री-कलावंतांसाठी अजून बंदच होते. मिशी उतरवलेले पुरुषच नाटकातील स्त्रियांच्या भूमिका करीत. १८७३ मध्ये कवी मायकेल मधुसूदन दत्त यांच्या आग्रहामुळे ‘बेंगॉल थिएटर’ने प्रथमच अभिनेत्री घेण्याचे ठरवले. त्या काळी घरंदाज कुटुंबातील स्त्रीने रंगमंचावर येणे कल्पनेपलीकडचे होते. त्यामुळे या अभिनेत्री वारांगनांच्या वस्तीतूनच आल्या. या निर्णयावरून समाजात मोठे वादळ उठले. विधवाविवाहासाठी आयुष्य वेचणारे ईश्वरचंद्र विद्यासागर यांनाही हा निर्णय मान्य झाला नाही आणि ते नाट्यगृहाच्या समितीतून बाहेर पडले. स्त्रियांच्या दुःखाने कळवळणाऱ्या सुधारकांनाही या स्त्रियांसाठी समाजात जागा करून देणे जड गेले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यानंतर थोड्याच काळात विनोदिनी या क्षेत्रात आली.

दारिद्र्यातील बालपण

विनोदिनीचा जन्म १८६३ च्या सुमारास कोलकात्यातील कॉर्नवॉलिस स्ट्रीटवर झाला. घरात आजी, आई आणि धाकटा भाऊ एवढीच माणसे होती. राहते घर मालकीचे असले तरी उत्पन्न नव्हते. घरातील खोल्या गरीब भाडेकरूंना देऊन कसाबसा उदरनिर्वाह चाले. दारिद्र्य इतके होते, की मुलीकडून मिळणाऱ्या दागिन्यांच्या आधाराने काही दिवस निघतील, या विचाराने घरच्यांनी अजाण वयातच भावाचे लग्न लावून दिले. तो भाऊ लवकरच वारला. विनोदिनीचेही लहानपणी लग्न झाले होते. परंतु नवऱ्याला त्याचे नातलग घेऊन गेले आणि तो पुन्हा कधी आला नाही. अशा रीतीने संसार म्हणजे काय, हे कळण्यापूर्वीच तो तिच्यासाठी संपला होता.

त्याच घरात गंगाबाई नावाची गायिका भाडेकरू म्हणून राहायला आली. विनोदिनीचा गोड गळा पाहून तिने तिला गाणे शिकवायला सुरुवात केली. गंगाबाईचे गाणे ऐकायला येणाऱ्यांमध्ये रंगभूमीशी संबंध असलेली माणसेही असत. त्यांच्या ओळखीने अकरा-बारा वर्षांची विनोदिनी ‘ग्रेट नॅशनल थिएटर’मध्ये दाखल झाली. महिना दहा रुपये वेतन ठरले. घरातील चूल पेटती राहावी, एवढाच तेव्हा नाटकात जाण्याचा हेतू होता.

रंगमंचावरील पहिले पाऊल

‘ग्रेट नॅशनल’ची नाट्यगृहाची इमारत बीडन स्ट्रीटवर होती. नाटकांच्या तालमी मात्र बागबाजारच्या गंगाकाठी, नाट्यगृहाचे मालक भुवनमोहन नियोगी यांच्या वाड्यात चालत. खाली वाहती नदी आणि वर दिवाणखान्यात चाललेली तालीम, हे दृश्य त्या लहान मुलीच्या मनावर कायमचे कोरले गेले. उतारवयात आठवणी लिहिताना या घाटाचे आणि वाड्याचे वर्णन त्यांनी मोठ्या मायेने केले आहे.

डिसेंबर १८७४ मध्ये ‘शत्रुसंहार’ नाटकात विनोदिनीने द्रौपदीच्या सखीची भूमिका केली. भूमिका लहानशी होती. समोरचा प्रेक्षकसमूह पाहून तिचे हातपाय कापू लागले, घसा कोरडा पडला. तरी तिने पाठ केलेली वाक्ये नीट म्हटली आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. थोड्याच काळात ‘हेमलता’ या नाटकात तिला नायिकेची भूमिका मिळाली.

१८७५ मध्ये कंपनी उत्तर भारताच्या दौऱ्यावर निघाली. लखनौमध्ये ‘नीलदर्पण’चा प्रयोग होता. निळीच्या मळ्यांचे गोरे मालक बंगालच्या शेतकऱ्यांवर करीत असलेले अत्याचार या नाटकात दाखवले आहेत. एका प्रवेशात शेतकरी तोराप हा जुलमी गोऱ्या साहेबाला मारतो. तो प्रवेश पाहताच प्रेक्षकांतील गोरे शिपाई खवळले आणि तलवारी उपसून थेट रंगमंचावर चढले. प्रयोग बंद पडला आणि कलावंतांना लखनौ सोडावे लागले. विनोदिनी त्या वेळी नाटकात सरलतेची भूमिका करीत होती. पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, सरकारने नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. सत्तेला नाटकाचे भय वाटते, हा अनुभव विनोदिनीला अशा रीतीने लहान वयातच आला.

गिरीशचंद्रांची शिकवण

यानंतर विनोदिनी काही काळ ‘बेंगॉल थिएटर’मध्ये होती. तेथे बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांच्या ‘मृणालिनी’ कादंबरीवरील नाटकात तिने मनोरमेची भूमिका केली. ती पाहून आपण कागदावर रेखाटलेले पात्र प्रत्यक्ष समोर उभे राहिले, असे खुद्द बंकिमचंद्रांना वाटले. पुढे १८७७ च्या सुमारास ती गिरीशचंद्र घोष यांच्या नाट्यमंडळीत आली आणि तिच्या जीवनाला नवे वळण लागले.

गिरीशचंद्र बागबाजारचे रहिवासी होते. इंग्रजी कंपनीच्या कचेरीत ते हिशेबनीस म्हणून काम करीत आणि उरलेला वेळ नाटकाला देत. नट, नाटककार आणि नाट्यशिक्षक या तीनही नात्यांनी त्यांचे बंगाली रंगभूमीवरील स्थान अद्वितीय आहे. ते विनोदिनीला केवळ संवाद पाठ करायला लावीत नसत. भूमिकेचा स्वभाव, तिचे वय, तिचे दुःख यांचा विचार करायला शिकवीत. शेक्सपिअर, मिल्टन, बायरन यांच्या रचना समजावून सांगत. इंग्लंडमधील नामवंत अभिनेत्रींच्या कामाचे वर्णन करीत. शहरात इंग्रजी नाटके होत, ती पाहायला पाठवीत. शाळेचे विधिवत शिक्षण फारसे न लाभलेल्या विनोदिनीची खरी शाळा ही तालीमच ठरली.

या शिक्षणाचे फळ लवकरच दिसून आले. मधुसूदन दत्तांच्या महाकाव्यावर आधारलेल्या ‘मेघनादवध’ नाटकात विनोदिनींनी एकाच प्रयोगात सात वेगवेगळ्या भूमिका केल्या. चित्रांगदा, प्रमीला, वारुणी, रती, माया, महामाया आणि सीता अशा सात स्त्रिया, आणि प्रत्येकीची चाल, स्वर, भाव निराळा! बारा वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी पन्नासहून अधिक नाटकांतून कामे केली. वेशभूषा व रंगभूषा यांतही त्यांनी स्वतःच्या कल्पनेने सुधारणा घडवून आणल्या.

स्टार थिएटरची उभारणी

१८८० नंतर ‘नॅशनल थिएटर’ प्रतापचंद जहुरी या व्यापाऱ्याच्या मालकीचे झाले. नाटक हा त्याच्या लेखी एक धंदा होता. विनोदिनी रजा घेऊन काशीला गेल्या असता त्या दिवसांचे वेतन देण्याचे त्याने नाकारले. कलावंतांच्या मनात असंतोष साचलेलाच होता. आपले स्वतःचे नाट्यगृह असावे, असे गिरीशचंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तीव्रतेने वाटू लागले. प्रश्न पैशाचा होता.

याच सुमारास गुरुमुख राय नावाचा वीस वर्षांच्या आतबाहेरचा एक श्रीमंत तरुण पुढे आला. नवे नाट्यगृह बांधण्याचा सर्व खर्च करायला तो तयार होता. पण त्याची एक अट होती. विनोदिनींनी त्याच्या आश्रयाला यावे, ही ती अट. त्या वेळी विनोदिनी दुसऱ्या एका जमीनदार तरुणाच्या आश्रयाला होत्या. त्या आपल्याला सोडून जाणार, हे कळताच तो तलवार घेऊन त्यांच्या अंगावर धावून आला आणि केवळ प्रसंगावधानामुळे त्यांचे प्राण वाचले. एकीकडे हा धोका आणि दुसरीकडे सहकाऱ्यांचा सततचा आग्रह, अशा पेचात त्या सापडल्या.

गुरुमुख राय याने आणखी एक प्रस्ताव ठेवला. नाट्यगृहाचा नाद सोडल्यास पन्नास हजार रुपये रोख देण्याची तयारी त्याने दाखवली. महिना दहा रुपयांवर ज्यांनी काम सुरू केले, त्यांच्यासाठी ही रक्कम म्हणजे जन्मभराच्या निर्धास्तपणाची हमी होती. विनोदिनींनी ती नाकारली. त्यांनी पैशाऐवजी नाट्यगृह मागितले. या निर्णयाकडे केवळ त्याग म्हणून पाहणे पुरेसे नाही. ज्या समाजात त्यांच्या देहाचा व्यवहार इतरांनी ठरवावा अशी रूढी होती, त्या समाजात त्या व्यवहाराच्या मोबदल्यात काय घ्यायचे, एवढी एकच गोष्ट त्यांच्या हाती उरली होती. तेथे त्यांनी आपल्या कलेची निवड केली.

बीडन स्ट्रीटवर बांधकाम सुरू झाले. नाट्यगृह लवकर उभे राहावे म्हणून विनोदिनी स्वतः टोपल्यांतून माती वाहत. नव्या नाट्यगृहाला त्यांचे नाव द्यायचे, त्यांच्या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरावरून त्याला ‘बी थिएटर’ म्हणायचे, असे आश्वासन सहकाऱ्यांनी त्यांना वारंवार दिले होते. नोंदणीसाठी मंडळी कचेरीत गेली. परत आल्यावर विनोदिनींनी उत्सुकतेने विचारले, तेव्हा नाट्यगृहाची नोंद ‘स्टार थिएटर’ या नावाने झाल्याचे त्यांना कळले. वारांगनेचे नाव दिल्यास प्रतिष्ठित लोक नाट्यगृहाची पायरी चढणार नाहीत, असा विचार त्यामागे होता. तिच्या त्यागाने उभ्या राहिलेल्या वास्तूत नाटक करताना आणि तिचा अभिनय तिकीट विकत घेऊन पाहताना ही प्रतिष्ठा आड येत नव्हती. दारावर तिचे नाव लिहिताना मात्र ती आड आली.

२१ जुलै १८८३ रोजी ‘दक्षयज्ञ’ या नाटकाने ‘स्टार थिएटर’चे उद्घाटन झाले. गिरीशचंद्र दक्ष झाले होते आणि विनोदिनी सती. पतीच्या अपमानामुळे यज्ञात प्राण देणाऱ्या सतीची भूमिका त्यांनी स्वतःवरील अन्याय गिळून केली. पुढे तर त्यांना वेतन घेणारी नटी म्हणूनही नाट्यगृहात ठेवू नये, अशा हालचाली झाल्या आणि सुमारे दोन महिने त्यांना घरी बसून राहावे लागले. थोड्याच काळात गुरुमुख रायने नाट्यगृह विकायचे ठरवले. अकरा हजार रुपयांना ते चार पुरुष सहकाऱ्यांच्या मालकीचे झाले. मालकांच्या या यादीत विनोदिनींचे नाव नव्हते.

चैतन्यलीला

१८८४ च्या ऑगस्टमध्ये गिरीशचंद्रांचे ‘चैतन्यलीला’ हे नाटक रंगभूमीवर आले. वैष्णव संत चैतन्य महाप्रभूंची भूमिका विनोदिनींना देण्यात आली. पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याच्या प्रथेला उणीपुरी अकरा वर्षे लोटली होती आणि आता एक स्त्री पुरुषाची, तीही संतपुरुषाची भूमिका करीत होती! विनोदिनींनी या भूमिकेची तयारी एखाद्या व्रतासारखी केली. प्रयोगाच्या दिवशी त्या पहाटे गंगास्नान करीत आणि देवाचे नाव लिहून काढीत. प्रयोग पाहताना प्रेक्षक भान विसरून नामघोष करू लागत.

२१ सप्टेंबर १८८४ रोजी दक्षिणेश्वरचे रामकृष्ण परमहंस हे नाटक पाहायला आले. प्रयोगानंतर त्यांनी विनोदिनींना आशीर्वाद दिला. समाजाने दूर लोटलेल्या स्त्रीला एका साधुपुरुषाने जवळ केले, ही घटना कोलकात्यात गाजली. तेव्हापासून बंगाली नाट्यगृहांच्या रंगपटात रामकृष्णांची प्रतिमा लावण्याची प्रथा पडली. पुढच्या वर्षी रामकृष्ण असाध्य रोगाने अंथरुणाला खिळले. भेटीस येणाऱ्यांवर निर्बंध होते. तेव्हा विनोदिनींनी युरोपियन साहेबाचा वेश केला आणि सर्वांना चकवून त्यांचे दर्शन घेतले. स्त्री म्हणून जे दार बंद होते, ते पुरुषाच्या वेशात उघडले.

निवृत्ती आणि शकुंतला

कीर्तीच्या शिखरावर असतानाच १८८७ च्या आरंभी विनोदिनींनी रंगभूमी सोडली. तेव्हा त्यांचे वय चोवीस वर्षांच्या जवळपास होते. सहकाऱ्यांनी केलेली फसवणूक आणि पुढे सतत मिळत गेलेली उपेक्षा त्यांच्या मनात खोल रुतली होती. त्यानंतर एका प्रतिष्ठित घराण्यातील गृहस्थांबरोबर त्यांनी प्रदीर्घ सहजीवन घालवले. तेथे त्यांना माया आणि स्थैर्य मिळाले. परंतु पत्नीचा दर्जा मिळाला नाही.

त्यांना एक मुलगी झाली. तिचे नाव शकुंतला. आपल्या वाट्याला आले ते मुलीच्या वाट्याला येऊ नये, तिने शिकावे आणि मानाने जगावे, ही या आईची एकच इच्छा होती. तिला शाळेत घालण्याचे प्रयत्न झाले. परंतु मुलीची आई कोण, हे कळताच शाळेचे दार बंद झाले. त्या काळात कोलकात्यात मुलींसाठी अनेक शाळा निघाल्या होत्या, स्त्रीशिक्षणावर सभा होत होत्या, लेख लिहिले जात होते. त्या सर्व प्रकाशात शकुंतलेसाठी मात्र एका बाकावर जागा नव्हती. १९०४ मध्ये, तेरा वर्षांच्या आसपास वय असताना, ती मुलगी मरण पावली. विनोदिनींच्या आयुष्यातील हा सर्वांत मोठा आघात होता.

हाती लेखणी

रंगमंच सुटला, मुलगी गेली. पण शब्द विनोदिनींजवळ उरले होते. त्यांनी पूर्वीच कवितालेखन सुरू केले होते. १८९६ मध्ये ‘वासना’ हा कवितासंग्रह आणि १९०५ मध्ये ‘कनक ओ नलिनी’ हे कथाकाव्य प्रसिद्ध झाले. १९१० मध्ये त्यांचे आत्मकथन एका नाट्यविषयक नियतकालिकात येऊ लागले आणि १९१२ मध्ये ‘आमार कथा’, म्हणजे ‘माझी कथा’, हे पुस्तक प्रकाशित झाले. भारतीय अभिनेत्रीने लिहिलेल्या अगदी आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते.

या पुस्तकाची बरीचशी मांडणी गुरू गिरीशचंद्रांना लिहिलेल्या पत्रांसारखी आहे. स्वतःला पतित म्हणवून घेत, क्षमा मागत विनोदिनी लिहायला सुरुवात करतात. वाचकाला वाटते, की ही एका दुःखी स्त्रीची कबुली आहे. परंतु पाने उलटत जातात तसा सूर बदलतो. कोणी कोणते वचन दिले होते, नोंदणीच्या दिवशी काय घडले, नाट्यगृह कोणाच्या नावावर गेले, हे सारे त्या क्रमाने नोंदवतात. आणि मग त्या समाजालाच जाब विचारतात. स्त्रीला फसवून या मार्गाला लावणारे पुरुष दिवसा समाजाचे पुढारी म्हणून मिरवतात आणि तिच्या मुलांना चांगल्या मार्गाने जाण्याची वाटही तेच बंद करतात, हे त्यांनी निर्भीडपणे मांडले. शकुंतलेच्या शाळेचे दुःख या विचारामागे उभे आहे.

पुस्तकाच्या प्रस्तावनेची हकिकत तितकीच बोलकी आहे. गिरीशचंद्रांनी आपल्या शिष्येच्या पुस्तकासाठी प्रस्तावना लिहून दिली. तीत विनोदिनींच्या अभिनयाची स्तुती होती. परंतु झालेल्या अन्यायाविषयी ते गप्प राहिले होते. विनोदिनींना ती पसंत पडली नाही. सत्य स्पष्ट लिहावे, असा त्यांनी आग्रह धरला. कटू सत्य नेहमी सांगावेच असे नाही, असे गुरूंचे मत होते. अखेर नवी प्रस्तावना लिहिण्याचे त्यांनी कबूल केले. पण फेब्रुवारी १९१२ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे १९१३ च्या आवृत्तीत विनोदिनींनी गुरूंची मूळ प्रस्तावना छापली. ज्यांनी आपल्याला घडवले, त्यांच्याविषयीची कृतज्ञता त्यांनी शेवटपर्यंत जपली. मात्र ती जपताना सत्य झाकले नाही. रंगमंचावर गिरीशचंद्र सांगतील तसे उभे राहणारी शिष्या आता आपल्या पुस्तकात काय असावे, हे स्वतः ठरवीत होती.

१९२४-२५ मध्ये त्यांनी आपल्या अभिनेत्री-जीवनाच्या आठवणी पुन्हा एका नियतकालिकात लिहायला घेतल्या. ते लेखन अपुरे राहिले. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्रातील सहप्रवासी

याच काळात मराठी रंगभूमीवर काय चित्र होते? १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. त्यानंतर भाऊराव कोल्हटकर आणि पुढे बालगंधर्व यांनी स्त्रीभूमिका अजरामर केल्या. प्रतिष्ठित मराठी नाटकमंडळ्यांत स्त्री-कलावंतांना जागा मिळायला १९३० चे दशक उजाडावे लागले. तथापि लेखणीच्या बळावर एका स्त्रीने त्याआधीच हे दार ठोठावले होते. सावंतवाडीच्या कलावंत घराण्यात जन्मलेल्या हिराबाई पेडणेकर यांनी १९०४ मध्ये ‘जयद्रथ विडंबन’ हे नाटक लिहिले. त्यांचे ‘संगीत दामिनी’ १९१२ मध्ये ललितकलादर्श मंडळीने रंगमंचावर आणले. ‘आमार कथा’ प्रकाशित झाली, तेच हे वर्ष. नाट्यजगतातील नामवंतांचा सहवास लाभूनही हिराबाईंना समाजाने समान मान दिला नाही आणि पुढे त्या गुहागरजवळच्या पालशेत गावी एकांतात राहिल्या. कोलकाता आणि कोकण यांत शेकडो मैलांचे अंतर होते. या दोघींच्या वाट्याला आलेला न्याय मात्र एकसारखाच होता.

नाव आणि स्मृती

‘स्टार’ची बीडन स्ट्रीटवरील मूळ वास्तू आज अस्तित्वात नाही. १८८८ मध्ये मालक मंडळींनी तेच नाव घेऊन हातीबागान भागात दुसरे नाट्यगृह बांधले. तोपर्यंत विनोदिनी निवृत्त झाल्या होत्या. हे नाट्यगृह १९९१ मध्ये आगीत जळाले आणि पुनर्बांधणीनंतर २००४ मध्ये पुन्हा सुरू झाले. डिसेंबर २०२४ मध्ये पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्र्यांनी त्याला विनोदिनींचे नाव देण्याची घोषणा केली. तिकडे बागबाजारमध्ये गिरीशचंद्रांचे घर जपलेले आहे आणि त्या घराच्या दोन्ही बाजूंनी जाणारा रस्ता त्यांचेच नाव मिरवतो. गुरूच्या नावाला जे सहज लाभले, ते शिष्येच्या नावाला लाभण्यासाठी एकशे एकेचाळीस वर्षे लागली.

परंतु विनोदिनींनी तोवर वाट पाहिली नव्हती. नाट्यगृहाच्या दारावर नाव लिहिण्याचा अधिकार इतरांच्या हाती होता. पुस्तकावर नाव लिहिण्याचा अधिकार त्यांनी स्वतः मिळवला. ज्या स्त्रीच्या मुलीला शाळेने नाकारले, तिचे पुस्तक आज विद्यापीठांतून अभ्यासले जाते. वाचता-लिहिता येणे म्हणजे केवळ अक्षरओळख नव्हे. आपल्यावर काय गुदरले, हे आपल्या शब्दांत नोंदवण्याचे ते सामर्थ्य आहे. विनोदिनी दासी यांच्या जीवनातून हेच शिकावयाचे आहे.

शब्दार्थ

वारांगना – गणिका, वेश्या
उदरनिर्वाह – पोट भरण्याचे साधन, गुजराण
प्रसंगावधान – ऐन वेळी सुचणारी हुशारी
आश्रय – आधार. येथे, श्रीमंत पुरुषाच्या छत्राखाली राहणे
रंगपट – नट वेश व रंगभूषा करतात ती जागा
जाब विचारणे – केलेल्या कृत्याचा खुलासा मागणे
गुदरणे – (संकट) ओढवणे

स्वाध्याय

१. विनोदिनी नाटकात का आल्या? त्यांच्या घरची परिस्थिती चार-पाच वाक्यांत लिहा.
२. लखनौच्या प्रयोगात कोणती घटना घडली? तिचा पुढे काय परिणाम झाला?
३. पन्नास हजार रुपये नाकारून विनोदिनींनी काय मागितले? या निर्णयाविषयी तुमचे मत सकारण लिहा.
४. नाट्यगृहाला विनोदिनींचे नाव न देण्यामागे कोणते कारण होते? ते तुम्हांला पटते का?
५. प्रस्तावनेच्या प्रसंगातून विनोदिनींच्या स्वभावाचे कोणते पैलू दिसतात?
६. तुमच्या परिचयातील एखाद्या कष्टकरी स्त्रीशी बोला. तिने केलेले, पण जिथे तिचे नाव लागले नाही, अशा एका कामाविषयी दहा ओळी लिहा.